बाजाराच्या चढावर

“चाची, हिचा टॉर्क किती आहे?”

हलीमाचाची समोरची काच फडक्याने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“म्हणजे... चढ चढेल ना ही?”

“रोज चढते.”

विचारणारा अद्वैत नेर्लेकर. पुण्याचा. नव्या गाड्यांच्या बातम्या सांगणारा त्याचा व्हिडिओ दर शुक्रवारी चार लाख लोक बघत. कुठल्या गाडीचं दार लावताना कसा आवाज येतो, कुठलं मॉडेल दिवाळीला येणार, कुठलं तीन वर्षं नुसतं येणार येणार म्हणतंय... सगळं त्याला तोंडपाठ. त्याच्या सांगण्यावरून लोक गाडी घेत आणि त्याच्या सांगण्यावरून थांबत. त्याचा सख्खा मेहुणा ‘पुढचं मॉडेल येऊ दे’ हे ऐकून सहा वर्षं रिक्षाने फिरत होता.

एकच गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

अद्वैतला गाडी चालवता येत नव्हती.

तो बोलायचा ते उभ्या गाडीत, स्टेअरिंगवर हात ठेवून. धावती गाडी दिसायची तेव्हा ती त्याचा मित्र चालवत असायचा.

आणि आता एका कंपनीचं आमंत्रण आलं होतं. नवी गाडी, घाटातला रस्ता, प्रत्येकाने एकट्याने चालवायची. नऊ दिवस उरले होते. पुण्यात शिकायला गेला तर कुणी ना कुणी बघणार. म्हणून तो गडहिंग्लजला आला, हलीमा मुजावर यांच्याकडे. नवऱ्यामागे बावीस वर्षं त्या गाडी शिकवत होत्या. एसटीचे ड्रायव्हरसुद्धा त्यांना लांबून हात करत.

चार दिवस मैदानावर गेले. अद्वैत गोल गोल गाडी फिरवायचा आणि बोलायचा. सस्पेन्शनवर बोलायचा, जर्मन गाड्यांवर बोलायचा, सीटच्या शिलाईवर बोलायचा. मध्येच मोबाईल बघायचा, कुठे काही नवं तर आलं नाही ना. चाची ऐकून घ्यायच्या.

पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “आज बाजारातनं जायचं.”

“आज बाजार आहे, चाची. गर्दी असेल.”

“असणारच की.”

“लोक मागून हॉर्न वाजवतात...”

चाचींनी त्याच्याकडे पाहिलं.

मग त्याने सांगितलं. तो एकोणीस वर्षांचा होता. वडिलांची नवी गाडी, भर चौकातला सिग्नल, गाडी बंद पडली. मागे हॉर्न सुरू झाले. वडील खाली उतरले, फेरी मारून त्याच्या बाजूला आले आणि म्हणाले, “सरक तिकडे.” तो सरकला. त्यानंतर तो रस्त्यावर गाडी घेऊन कधी गेलाच नाही.

एवढं सांगून तो गप्प झाला. चार दिवसांत पहिल्यांदाच.

“चल,” चाची म्हणाल्या.

बाजाराकडे जाणारा चढ फार मोठा नाही. पण निम्म्यात गेल्यावर समोरची रिक्षा थांबली. अद्वैतने ब्रेक दाबला आणि गाडी बंद पडली. रिक्षा पुढे निघून गेली.

सुरू केली. बंद पडली.

पुन्हा सुरू केली... पुन्हा बंद.

मागे एक स्कूटर वाजली. मग टेम्पो. मग एसटी.

चाचींनी हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि त्या खाली उतरल्या.

“चाची, कुठे निघालात?”

“मिरच्या बघून येते.”

आणि त्या खरंच गेल्या.

अद्वैतचे कान तापले. किल्ली फिरवली की गाडी गचका देई आणि गप्प होई. मागचे हॉर्न आता थांबायलाच तयार नव्हते. अंगातला शर्ट पाठीला चिकटला. वाटलं, दार उघडावं आणि चालत सुटावं.

काचेवर टकटक झाली. टेम्पोवाला होता, खांद्यावर टॉवेल. अद्वैतने शिव्या खायच्या तयारीने काच खाली केली.

“ओ, उतरा जरा खाली...” टेम्पोवाला वाकला आणि थबकला. “तुमी ते व्हिडिओवालं न्हवं?”

तो मागे वळून ओरडला, “ओ, वाजवू नका रं! आपलं गाडीवालं साहेब हाईत!”

हॉर्न थांबले. एसटीचा कंडक्टर आला. स्कूटर लावून एक रिटायर मास्तर आले. मिनिटभरात खिडकीशी सात-आठ डोकी झाली.

“जावयाला डिझेल घ्यायला सांगू का पेट्रोल?”

“ती नवी येणार होती, तिचं काय झालं?”

टेम्पोवाला मात्र त्या जुन्या गाडीकडे गंभीरपणे बघत होता. “हिची टेस्ट चाललीय व्हय? चढावर मुद्दाम बंद पाडून बघताय?”

हो म्हणायचं, एवढंच होतं. शब्द ओठांवर आला होता...

“नाही,” अद्वैत म्हणाला. “मला गाडी चालवता येत नाही.”

सगळे हसले. कंडक्टर म्हणाला, “शुक्रवारी दाखवा हे.”

“खरंच येत नाही. शिकायला आलोय. तो पुढचा लाल एल बघा.”

टेम्पोवाला पुढे जाऊन बघून आला. हसणं विरत गेलं.

मास्तर म्हणाले, “तुमच्या सांगण्यावरून मी गाडी घेतली हो.”

अद्वैतने खाली बघत विचारलं, “बरी आहे का?”

“बरी आहे.” मास्तर थोडे थांबले. “पण सांगायचं होतंत.”

मागे एसटीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघत होती.

“चला, हात लावा,” टेम्पोवाला बाकीच्यांना म्हणाला. मग खिडकीत वाकला. “साहेब, गिअर काढा, ब्रेक सोडा. स्टेअरिंग सरळ धरा. एवढं तर येतंय न्हवं?”

“येतं.”

चौघांनी मागून खांदा लावला. गाडी आवाज न करता चढू लागली. खड्डा आला तेव्हा अद्वैतने ती जरा डावीकडे घेतली. ती गेली. चढ संपल्यावर त्याने चिंचेखाली बाजूला नेऊन उभी केली. माणसं हात झटकत परत फिरली. टेम्पो शेजारून गेला तेव्हा टेम्पोवाल्याने एकदा हॉर्न दिला. शिवी होती की रामराम, ते अद्वैतला कळलं नाही.

त्याने फोन काढला आणि कंपनीत मधुराला लावला. आमंत्रण तिनेच पाठवलं होतं.

“सर! घाटातली पहिली फेरी तुमचीच ठेवलीय.”

“मधुरा, मला गाडी चालवता येत नाही.”

“सर, तुम्ही पण ना...”

“खरंच येत नाही.”



“मग शुक्रवारच्या व्हिडिओत काय सांगणार, सर?”

“हेच.”

पाच मिनिटांत मेसेज आला. यादीतून त्याचं नाव काढलं होतं.

चाची पिशवी घेऊन आल्या. पिशवी मागच्या सीटवर ठेवून शेजारी बसल्या. दार दोनदा ओढून लावलं. ते तसंच लागायचं.

“मला एकट्याला सोडून गेलात, चाची.”

चाचींनी पट्टा लावला.

“सगळ्या बाजाराला कळलं. संध्याकाळपर्यंत पुण्याला कळेल.”

चाचींनी आरसा नीट केला.

“कंपनीने नाव काढलं. चार लाखांतले किती राहतील, कुणास ठाऊक. नऊ दिवसांत शिकायचं होतं मला.” तो हसला, पण हसू काही नीट आलं नाही. “आता कसलीच घाई नाही.”

चाचींनी समोरच्या रस्त्याकडे बघितलं.

“मग दाब क्लच.”