पाटला घोडीची तहान

पूर्वी शालिवती नगरीवर राजा सुधन्वा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने अश्ववैद्याच्या कुळात जन्म घेतला होता. त्या नगरीत दरवर्षी बारा योजनांची घोडदौड होई. वाटेत तीन थांबे असत. प्रत्येक थांब्यावर बोधिसत्त्व किंवा त्याचा एखादा शिष्य घोड्याच्या छातीला हात लावी आणि धडधड शांत झाल्याशिवाय त्याला पुढे सोडत नसे. तसा राजाचा दंडकच होता.

वाट मात्र उजाड होती. पाण्यावाचून दरवर्षी एखाददुसरे जनावर पडे. थांब्यांवर हौद बांधावेत म्हणून बोधिसत्त्वाने दहा वर्षे दारोदार विनवण्या केल्या. शेवटी शंखदत्त श्रेष्ठीने तिन्ही हौद बांधून दिले. मोबदल्यात तिथे त्याची पिवळी निशाणे फडकायची आणि त्याच्या ‘वायुवेग’ चूर्णाचा डंका वाजायचा. माणूस वाईट नव्हता. जन्मात कधी घोड्याला हात न लावता तो घोड्यांवर तासन्‌तास बोले, इतकेच. बोलणाऱ्याची मातीही विकते म्हणतात.

त्या वर्षी चूर्ण खाऊन धावणारी त्याची तांबूस घोडी पाटला सर्वांच्या पुढे होती. तिचा स्वार कुरंग याने तिला शिंगरू असल्यापासून वाढवले होते. ती जिंकली तर त्यालाच देऊन टाकायचे श्रेष्ठीने कबूल केले होते.

शेवटच्या थांब्यावर पाटला घोडीने हौदाकडे पाहिलेही नाही. शंखदत्त तिथे हजरच होता. नऊ योजने धावूनही तहान नाही, हा चूर्णाचा गुण, असे त्याने जमलेल्यांना सांगितले. लोकांनी माना डोलावल्या. बोधिसत्त्वाने तिच्या मानेची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची वळी तशीच उभी राहिली; अंगातले पाणी आटले होते. छातीतली धडधड तर थांबायचे नाव घेईना.

“घोडी पुढे जाणार नाही,” तो म्हणाला.

कुरंगाचा चेहरा उतरला. “वैद्यराज, तीनच योजने राहिली आहेत. आज थांबलो तर ही माझी कधीच होणार नाही.”

“आणि आज गेलास तर कुणाचीच राहणार नाही.”

श्रेष्ठीने बोधिसत्त्वाला बाजूला घेतले. घोडी थांबली तर चूर्णाचे नाव मातीत जाईल, मग पुढच्या वर्षी हौदांत पाणी भरायला आपण माणसे पाठवणार नाही, असे त्याने बजावले. बोधिसत्त्वाची दहा वर्षांची खटपट एका घोडीपायी वाया जाणार होती. पण तहानच मारून टाकलेल्या घोड्याला हौद असून काय उपयोग, हेही त्याला दिसत होते.

“श्रेष्ठी, हात द्या,” तो म्हणाला. त्याने शंखदत्ताचा तळहात घोडीच्या पुढच्या पायाच्या कोपरामागे, छातीला टेकवला.

शंखदत्ताने दुसराही हात तिथे टेकवला. त्याने विचारले, “हे असे कधीपासून चालले आहे?”

“आल्यापासून. हिची तहान गेलेली नाही. तुमच्या चूर्णाने ती हिला कळेनाशी केली आहे.”

शंखदत्ताने जवळचे निशाण ओढून काढले, हौदात बुडवले आणि घोडीच्या मानेवर पसरले. मग तिघे तिला सावलीत घेऊन बसले. कुरंग मिठाच्या पाण्याने तिचे ओठ पुन्हापुन्हा ओले करीत राहिला. दुसरे घोडे पुढे निघून गेले. शर्यत एका कुंभाराच्या तट्टाने जिंकली. दिवस कलता कलता घोडीने हौदात तोंड घातले आणि ती प्यायली, खूप वेळ प्यायली. कुरंग ढसाढसा रडला.

त्याच्या हाती लगाम देत श्रेष्ठी म्हणाला, “घेऊन जा. आजवर मी जिला हातही लावला नव्हता, ती माझी कसली?”

चूर्णाची भट्टी त्याने विझवली. हौद मात्र दरवर्षी भरत राहिले.

एवढे सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना त्या जन्मीची ओळख पटवली. विहाराला विहीर देऊन ‘माझे नाव कोरू नका’ म्हणणारा आजचा उपासक हाच तेव्हाचा शंखदत्त. आजाऱ्यांच्या उशाशी बसणारा भिक्षू तो कुरंग. गावोगाव पायी हिंडणारी वृद्ध भिक्षुणी ती पाटला. “आणि अश्ववैद्य मी होतो. ज्याला स्वतःची तहान कळत नाही, त्याच्यासाठी थांबणे, ही करुणा.”