चकभुंगळ

“मग यातला खरा अर्थ कोणता?”

त्रिविक्रमशास्त्र्यांनी हे चौथ्यांदा विचारलं. रखमाजीबाबा कुंभार निवलेल्या भट्टीवरची राख ओढत राहिले.

शास्त्रीबुवांचा जीव टांगणीला लागला होता. बारा वर्षं खपून बोलींचा कोश रचला, छापखाना वाट बघतोय, आणि घोडं अडलं कुठं, तर कुंभारवाड्यातल्या या एका शब्दापाशी. आजवर एकही शब्द त्यांच्या हातून निसटला नव्हता, आणि हे ते चारचौघांत सांगतही असत.

चकभुंगळ. ज्याला विचारावं तो निराळंच सांगे. दोन दिवसांसाठी येऊन महिनाभर मुक्काम ठोकलेला जावई म्हणजे चकभुंगळ. लग्नाच्या पंगतीत मीठच न पडलेली आमटी, तीही चकभुंगळ. भट्टीतून वाकडं निघालेलं मडकंही तेच. ते इथं फोडत नाहीत, चिमण्यांच्या पाण्यासाठी कुंपणावर ठेवतात. सतरा अर्थ, सतरा चिठ्ठ्या. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

“हा शब्दच नव्हे, बाबा. हा नुसता खुळेपणा आहे.”

“असंल.” बाबांनी भट्टीतून एक वाकडं मडकं काढून त्यांच्या हातात दिलं. “एवढं कुंपणावर ठेवता का?”

शास्त्रीबुवा तणतणत उठले. दोन पावलं गेले असतील नसतील, धोतराचा सोगा पायात आला आणि स्वारी थेट राखेच्या ढिगात बसली. मडकं मांडीवर शाबूत. चिठ्ठ्या मात्र साऱ्या अंगणभर.

आवाज ऐकून आजूबाजूच्या घरांतली माणसं अंगणात धावली.

मग बाबांची म्हातारी, सोनाई, हळूच म्हणाली, “चकभुंगळ.”

सगळा कुंभारवाडा हसत सुटला. शास्त्रीबुवांचा चेहरा लालबुंद. ओरडायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं ते हसू. पोट धरधरून हसले बिचारे. असं हसून किती वर्षं झाली, त्यांचं त्यांनाच आठवेना. फार बरं वाटलं त्यांना.

डोळे पुसत, ढिगात बसल्या बसल्याच त्यांनी खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली.

“बाबा, अठरावा तर मीच झालो. आता कोशात लिहू काय?”

बाबांनी चिठ्ठी घेतली. राखेच्या बोटानं वरच्या कडेला एक रेघ ओढली...

“ही तुमची. खालची जागा मोकळी सोडा. अजून पुष्कळजण पडायचेत.”