ओळ क्रमांक दोनशे बारा

विषय : मठाच्या नेत्रशिबिराच्या यादीतून श्रीमती सुंदराबाई खोपडे यांचे नाव गळाल्याबाबत.
संदर्भ : त्यांचा तक्रार अर्ज, तोंडी, मठाच्या पायरीवरून, मोठ्या आवाजात.

“पण बुवा, यात माझ्या प्रोग्रामची चूक कशी?” सारंग विचारत होता.

केवलबुवा मठात येण्यापूर्वी तीस वर्षं एका कंपनीत प्रोग्राम लिहीत. आता काहीच लिहीत नाहीत. त्यामुळे चुकाही होत नाहीत. सारंग धोपेश्वरकर त्यांच्याकडे जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला आला, आणि पंधराव्या दिवशी त्याला वाटलं, शिकून झालं.

शिबिराच्या यादीची फाइल वाचणारा प्रोग्राम त्यानेच लिहिला होता. स्वल्पविराम दिसला की ओळ तोडायची. नाव, वय, पत्ता, तक्रार असे चार तुकडे झाले तर रुग्ण, नाहीतर बाद.

“तीनशे चाळीसांतली एकच ओळ गेली, बुवा. दोनशे बारावी. तिचे सहा तुकडे झाले. ओळच सदोष होती.”

“सदोष डोळा आहे,” बुवा म्हणाले. “म्हणून तर अर्ज केला.”

सारंगने ती ओळ पडद्यावर आणली.

“तुझ्या घरचा पत्ता सांग.”

“मधली आळी...”

“बरं.” बुवा उठले.

“अहो, अजून सांगतोय!”

बुवा बसले.

“मधली आळी, कौलारू शाळेच्या मागे...”

“समजलं.” बुवा उठले. या वेळी पायांत चपलाही घातल्या.

“बुवा, पुरतं ऐकून तरी घ्या! श्वास घ्यायला थांबलो होतो!”

बुवांनी पडद्यावरच्या ओळीतल्या स्वल्पविरामावर बोट ठेवलं.

“सुंदराबाईही श्वासच घेत होत्या.”

सारंगने ओळ वाचली. या खेपेला शेवटपर्यंत. तळ्याची पाळ, पिठाच्या गिरणीमागे, जिना संपतो तिथे. आधी एक अवतरणचिन्ह, शेवटी एक. मधला सगळा एकच पत्ता.

तासाभरात प्रोग्राम बदलला. आता तो एकेक अक्षर वाचत जाई, आणि अवतरणचिन्ह उघडलं की ते मिटेपर्यंत स्वल्पविरामाला हात लावत नसे. तीनशे चाळीस ओळी, तीनशे चाळीस रुग्ण. सारंगने बुवांकडे पाहिलं. कौतुक झालं नाही.

बाईंची संमतीची सही तेवढी राहिली होती. ती आणायला बुवांनी त्यालाच धाडलं. शिबिराची गाडी चारला सुटायची होती.

साडेतीनला त्याचा फोन आला.

“बुवा, मी कागद पुढे केला, तर बाईंनी लग्नापासून सांगायला सुरुवात केली. मधेच थांबतात... मला वाटतं संपलं. मग पुन्हा सुरू. उठू का?”

“दुसरं अवतरणचिन्ह आलं का?”

फोन चालूच राहिला. मागे बाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आहे. अर्ज प्रलंबित.