भारद्वाज आणि वणव्याची वेल

सागाच्या एका रानात एक भारद्वाज राहत असे. मुलांनो, हा पक्षी उडायचा कमी आणि चौकशा करायचा जास्त. रानातली म्हातारी मंडळी कोणती गाणी गातात, कशाला भितात, पिल्लांना काय शिकवतात, हे तो बिळाबिळांपाशी बसून ऐकत असे. असे वर्षानुवर्षे ऐकून झाल्यावर बगळेगुरुजींनी त्याला 'पंडित' ही पदवी दिली. पण पंडितांसाठी रानात वडाची एकच फांदी होती आणि तिच्यावर आधीचे पंडित दाटीवाटीने बसले होते. कोणी तसूभर सरकायला तयार नव्हते. "पंडित झालास, छान झालं. आता पोटापाण्याचं काय?" आई रोज विचारी. आपली सगळी वर्षे फुकट गेली, असे भारद्वाजाला वाटू लागले.

त्याच रानात एका सुगरणीने सगळ्यांच्या भल्यासाठी एक युक्ती केली होती. रानाच्या कडेने तिने लांबच लांब वेल ताणली आणि तिच्या आधाराने प्रत्येक बिळावर वाळक्या शेंगांचा घोस टांगला. वणव्यात वेल जळून तुटली की घोस खाली पडून खुळखुळणार आणि सगळे वेळेवर पळणार! तिने एकदा वेल तोडून पाहिली. साळिंदरे पळाली, मुंगसे पळाली, ससे मात्र बिळाबाहेर आलेच नाहीत. "एवढाले कान, आणि ऐकू येत नाही?" सुगरण वैतागली. तिने शेंगा दुप्पट केल्या. ससे आणखी खोल जाऊन बसले. उन्हाळा तोंडावर आला होता. खरी आग लागली तर एकही ससा वाचणार नाही, या काळजीने सुगरणीची झोप उडाली.

हे कळल्यावर भारद्वाज भीतभीतच तिच्याकडे गेला. "मला साधी गाठही मारता येत नाही," तो म्हणाला, "पण सशांशी बोलून पाहू का?"

"बघ बाबा," सुगरण म्हणाली, "माझं तर डोकंच चालेनासं झालंय."

"पंडित होऊन वेली ओढायला चाललास?" बगळेगुरुजींनी नाक मुरडले. भारद्वाजाला वाईट वाटले, पण तो गेला. एका म्हाताऱ्या सशिणीच्या बिळापाशी बसून त्याने आधी तिच्या गुडघेदुखीची सगळी हकिकत ऐकून घेतली. मग हळूच विचारले, "आजी, शेंगा वाजल्या त्या ऐकू आल्या नाहीत का?"

"आल्या की! पण दाराशी काही वाजलं की कोल्हा आला समजायचं आणि आत खोल जायचं, असंच आम्ही पिल्लांना शिकवतो."

"मग पळायचं कधी?"

"कुणी मागचा पाय जमिनीवर आपटला की. धप्प! तेवढं ऐकलं की आम्ही मागं वळूनसुद्धा बघत नाही."

"हे सुगरणीला का नाही सांगितलंत?"

"तिनं विचारलंच कुठं? ती बिचारी कामात होती."

सुगरण हे ऐकून आधी ओशाळली, मग खो खो हसली. तिने सशांच्या बिळांवरचे घोस काढले आणि तिथे धोंडे टांगले. ऐन उन्हाळ्यात एका दुपारी डोंगराकडून खरोखरच वणवा आला. वेल जळाली, धोंडे पडले, धप्प धप्प! सगळे ससे बिळांतून सुटले ते थेट नदीपलीकडे. म्हातारी सशीण मात्र दिसेना. भारद्वाज धुरात डोळे फाडून पाहत राहिला. मग ती आली, लंगडत, नातवंडांवर ओरडत. भारद्वाजाच्या जिवात जीव आला. किती हलके वाटले म्हणून सांगू! त्याला एकदम सपाटून भूक लागली.

सुगरण त्याच्या शेजारी येऊन बसली. "उद्या पलीकडच्या रानात वेल न्यायची आहे," ती म्हणाली, "आधी तू जा. मग मी येते."

तात्पर्य : मन लावून केलेला अभ्यास वाया जात नाही, फक्त जिथे त्याची गरज असेल तिथे तो आपण होऊन न्यावा लागतो.