वेणूची चानकी

सूर्याच्याही आधी जिथे मोगरा जागा होतो, अशा एका गावात वेणू नावाची नऊ वर्षांची मुलगी राहत होती. गावाचं नाव कळीपूर. पहाट झाली की कळीपूरच्या सगळ्या आया कमरेला टोपल्या बांधून मोगऱ्याच्या मळ्यात जायच्या, कारण ऊन लागायच्या आत कळ्या खुडाव्या लागत. आणि त्यांची दुडूदुडू धावणारी, रांगणारी, अंगठा चोखणारी सहा पिल्लं मळ्याकडेच्या गवती खोपटात वेणूजवळ असायची.

वेणू भारी दचकायची. पान पडलं तरी दचकायची, मांजर शिंकली तरी दचकायची. एकदा तर स्वतःच्याच उचकीला दचकली होती!

"अगं, चिमणी होती ती, वाघ नव्हे!" मळ्यातली गंगूमावशी हसून म्हणायची. मग वेणूही हसायची आणि हळूच पुटपुटायची, "बरं झालं बाई, चिमणीच होती."

वेणूला असं सारखं बरं वाटायचं. ऊन पडलं की बरं वाटायचं, सावली आली की बरं वाटायचं. घरात फार काही नव्हतं, म्हणून जे होतं त्याचे ती रोज आभार मानायची. पण हल्ली तिच्या जिवाला एक घोर लागला होता. तिचा धाकटा भाऊ बापू, दीड वर्षांचा, सहाही पिल्लांत सगळ्यांत धाकटा, आईच्या दुधाशिवाय काही घेतच नव्हता!

सकाळच्या न्याहारीला खोपटात असायची कालची भाकरी. वाळलेली, कडक. दोन-चार दुधाच्या दातांनी ती कशी चावणार? वेणू पाण्यात भिजवून भरवायची. बाकीची पिल्लं रडत-रडत गिळायची. बापू मात्र कळीसारखे ओठ मिटून मान फिरवायचा. त्याच्या वयाची पोरं अंगणभर पळायची, आणि बापू अजून एक पाऊलही टाकत नव्हता. वैदूकाकींनी त्याच्या काटकुळ्या पायांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "पौर्णिमेच्या आत याच्या पोटात नीट काही जायला हवं, पोरी. नाहीतर पायांत बळ कुठून येणार?"

पौर्णिमा दोन दिवसांवर होती.

त्या पहाटे वेणू खोपटामागच्या केळीच्या बनात पान आणायला गेली. हिरवी-हिरवी, ओली-ओली पानं, आणि पानापानावर दवाचे इवलेइवले दिवे! मधोमध एक जांभळं केळफूल लोंबत होतं, पण त्याच्याभोवती एका रानवेलीने करकचून विळखा घातला होता.

"आई गं, किती आवळलंय तुला!" वेणू म्हणाली. तिने बोटांच्या टोकांनी वेलीचा एकेक पेड सोडवला. शेवटचा पेड सुटला, केळफुलाची एक जांभळी पाकळी टपकन उघडली आणि आतून सोनेरी उजेड सांडला.

"आई गं!" वेणू किंचाळली.

"आई गं!" आतूनही कुणीतरी किंचाळलं.

पाकळीच्या काठावर बोटाएवढी परी उभी होती. फिकट पिवळ्या तंतूंचा झगा, जांभळा शेला, आणि पंख असे की त्यांवरून सकाळ घसरून पडावी.

"केवढ्यांदा ओरडतेस!" परी छातीवर हात ठेवून म्हणाली. "मी केळफुली. चार दिवस अडकले होते गं आत. आता तीन सकाळी तुझ्या तीन इच्छा पुऱ्या करीन. पण नियम आहेत हं! तयार खाऊ मागायचा नाही, हातांना काम हवं. सगळ्यांत धाकट्याने खाल्ल्याशिवाय तू घासही घ्यायचा नाहीस. आणि माझी जादू कुणाच्या तोंडात नि कुणाच्या मनात शिरत नाही. जबरदस्ती नाही म्हणजे नाही."

वेणूच्या ओठांवर आलेली इच्छा तिथेच थांबली. 'बापूला खायला लाव' असं तर ती मागणार होती! ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मग मला मऊ काहीतरी भाजता येईल असं सामान दे. दोन दातांनीही चावता येईल असं."

परीने शेला झटकला. वेणूसमोर मातीचं एक गोंडस खापर आलं, त्यावर बसणारं खोलगट झाकण आलं, तीळ-वेलचीची पुरचुंडी आली आणि पिशवीभर नाचणीचं पीठ आलं, चंदनासारखं मऊमऊ.

"आणि साखर?" वेणूने विचारलं. "गूळ?"

"इवल्या पोटांना काय करायचाय तो? गोडवा तुझ्या डोक्यावर लटकतोय की!"

वेणूने वर पाहिलं. काळ्या ठिपक्यांची, इतकी पिकलेली केळी की बाजारात कुणी हात लावणार नाही. तिने ती कुस्करली. पिठात मिसळली, ओंजळभर तीळ कुटून घातले, चिमटीभर वेलची घातली. केळीच्या पानाच्या दोन तुकड्यांत ते पीठ थापलं आणि खापरात ठेवलं. खाली निखारे, झाकणावरही निखारे. म्हणजे पानगी वरून-खालून सारखी भाजते आणि आत लोण्यासारखी राहते.

निखारा फुटला, चट्! वेणू उडालीच. तरी परीने "एक, दोन, तीन" म्हणत धीर दिला आणि थोड्या वेळात खोपटात असा वास दरवळला की बाहेरचा मोगराही क्षणभर गप्प झाला असेल.

पाच पिल्लांनी मिटक्या मारत पानग्या खाल्ल्या. ठमी तर पानच चाटत बसली. मग बापूची पाळी आली. वेणूने मऊ तुकडा मोडला. "हा घास चिऊचा, हा घास..."

बापूने ओठ मिटले. मान फिरवली.

म्हणून वेणूनेही काही खाल्लं नाही. नियम म्हणजे नियम. पण झोपताना ती म्हणाली, "पाच जणांची पोटं भरली. केळफुले, तुझं भलं होवो."

दुसऱ्या सकाळी पोटात कावळे ओरडत होते. निखारा चट् करून फुटला, वेणू दचकली, चिमटा पडला, झाकण कलंडलं आणि अर्ध्या पानग्या कोळशासारख्या काळ्या झाल्या. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"केळफुले, माझं हे दचकणं घेऊन जा ना! हीच माझी दुसरी इच्छा."

परी तिच्या मनगटावर येऊन बसली. "नेईन की. ते तुझंच आहे, तू दिलंस तर नेईन. पण दचकणं एकटं निघत नाही गं. त्याला धरून तुझे कानही जातील. झोपेत बापू नुसता हुंकारला तर कोण उठतं?"

"मी."

"आणि ठमीच्या पायाखाली विंचू आला होता, तेव्हा आधी कोण ओरडलं?"

"मीच," वेणू म्हणाली. तिने नाक पुसलं आणि पुष्कळ विचार केला. मग म्हणाली, "बरं, मग दचकणं राहू दे. मला लांब दांड्याचा चिमटा दे."

परी इतकी हसली, इतकी हसली की तिच्या झग्यातून सोनेरी भुकटी उडाली. "राजवाडे मागणारे पाहिले, चिमटा मागणारी तूच पहिली!"

चिमटा झकास होता. निखारा कितीही चटचटला तरी वेणू हातभर लांब! उरलेल्या पानग्या छान सोनेरी-तपकिरी भाजल्या. गंगूमावशीने दिलेला खजूरही तिने कुटून घातला होता. पाच पिल्लं खूश झाली. आईनेही येऊन बापूला मांडीवर घेतलं, गंगूमावशीने टाळ्या वाजवल्या, कुणी काऊ दाखवला, कुणी माऊ दाखवली. पण घास जवळ आला की बापूचे ओठ घट्ट!

"हट्टी आहे गं तुझा भाऊ," गंगूमावशी उसासा टाकून म्हणाली.

 आईने बापूचे बारीक पाय पदराखाली झाकले. 

तिसरी सकाळ उजाडली. आज पौर्णिमा.

वेणूने पहाटेच पानग्या भाजायला घेतल्या. पीठ संपलं, तेव्हा तिने पातेलं बोटाने निपटून काढलं. असं पुसूनपासून जे उरतं, त्याची एक चिमुकली पानगी होते. कळीपुरात तिला चानकी म्हणत. चानकी कसली, चिंचोक्याची मोठी बहीणच! वेणूने ती भाजून निवायला एका उपड्या टोपलीवर ठेवली.

खोपटात नुसता गोंधळ होता. ठमी गात होती, दोघे भांडत होते, कोंबडी आत शिरली होती. आणि त्या सगळ्या गलक्यात वेणू एकदम दचकली.

चुप्!

केवढासा तो आवाज! दुसऱ्या कुणाला ऐकूही आला नाही. वेणूने वळून पाहिलं. चटईवर पानगीचा एक कण पडला होता. बापूने तो दोन बोटांच्या चिमटीत स्वतः उचलला होता आणि तोंडात टाकून तो चोखत होता.

वेणू पाहतच राहिली. म्हणजे बापूला खायचं होतं! त्याला फक्त भरवून घ्यायचं नव्हतं. सगळ्यांनी इतक्या मायेने घास पुढे केले, पण त्याच्या हातात कुणी काही दिलंच नव्हतं.

बापूची नजर चानकीवर गेली. दोन पावलांवर होती ती टोपली.

तेवढ्यात कळ्यांची टोपली घेऊन गंगूमावशी दारात आली, मागोमाग आई आली. "अगं, बघतोय तो! भरव ना पटकन!"

"नाही!" वेणू म्हणाली. इतक्या मोठ्यांदा ती जन्मात बोलली नव्हती. "मावशी, थांबा. आई, तूपण थांब. त्याचं तो घेईल."

सगळे थांबले. कोंबडीसुद्धा थांबली.

बापूने खोपटाचा खांब धरला. डुगडुगत उभा राहिला. खांब सोडला. एक पाऊल टाकलं. अडखळला. वेणूचे हात शिवशिवले, पण तिने ते पाठीमागे घट्ट बांधून ठेवले. दुसरं पाऊल! आणि बापूने चानकी पकडली. त्याच्या इवल्या मुठीत ती अशी बसली, जणू मूठ मोजूनच भाजली होती. तो खाली बसला, चावला, हसला, पुन्हा चावला. नाकाला केळं, गालाला नाचणी!

आईच्या ओच्यातून मोगऱ्याच्या कळ्या भुईभर सांडल्या. ती कळ्या उचलायचं विसरली. "चालला गं," एवढंच म्हणाली आणि वेणूला कुशीत ओढून रडली.

आता वेणूने खायला हरकत नव्हती. खापरात एकच पानगी उरली होती. ती घेऊन वेणू बनात धावली.

"आला बघ तुझ्या वाट्याचा घास!" केळफुली म्हणाली. "आता शेवटची इच्छा माग. रेशमी परकर? चांदीचे पैंजण?"

वेणूने तिच्याकडे पाहिलं. परी जरा फिकट दिसत होती. चार दिवस वेलीत अडकलेली, मग तीन सकाळी दुसऱ्यांच्या चुलीशी.

"केळफुले," वेणूने विचारलं, "तू काही खाल्लंस का?"

परीने शेल्याचं टोक बोटाला गुंडाळलं.  "इच्छा पुऱ्या करणारीला हे कुणी विचारत नाही गं," ती अगदी हळू म्हणाली.

"मग हीच माझी इच्छा. माझ्याजवळ बैस आणि माझ्यातलं अर्धं खा."

वेणूने पानगी मोडली. एक अर्धा आपल्याला, एक अर्धा परीला. परीचा अर्धा तुकडा परीपेक्षा मोठा होता! दोघी पानावर बसून खाऊ लागल्या. दोन दिवसांच्या भुकेवरचा तो पहिला घास वेणूच्या जिभेवर विरघळला आणि ती म्हणाली, "बरं झालं." परीही म्हणाली, "बरं झालं." मग दोघी हसल्या.

हसता-हसता परी उजळू लागली. आधी सायीसारखी, मग हळदीसारखी, मग उगवत्या सूर्यासारखी. "मुली, जोवर तुझ्या खापरातली चानकी सगळ्यांत धाकट्याच्या हातात जाईल, तोवर तुझं पीठ सरणार नाही आणि या बनातली केळी संपणार नाहीत." एवढं बोलून ती लखलखली आणि उजेडात उजेड होऊन मिसळून गेली.

वेणू दचकली. दचकणारच! पण डोळे मात्र तिने मिटले नाहीत.

आजही कळीपुरात पहाटे मोगऱ्याच्या वासात पानग्यांचा वास मिसळतो. बापू आता इतका पळतो की त्याला पकडायला गंगूमावशीला पदर खोचावा लागतो. आणि वेणू पातेलं निपटून रोज दोन चानक्या भाजते. एक सगळ्यांत धाकट्याच्या मुठीत देते. दुसरी केळफुलाखाली हिरव्या पानावर ठेवून येते.

दुपारी जाऊन पाहावं, तर त्या चानकीच्या कडेला तिळाएवढा एक चावा असतो.