लुकस नावाड्याचं वल्हं

गोदावरीवर पूल नव्हता, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. अल्याड आमचं बोरसरी गाव, पल्याड दगडी चर्च, आणि मधे लुकस नावाड्याची नाव. भर पुरातही त्याची नाव तसूभर ढळायची नाही, असं म्हणतात.

त्याला त्याची घमेंडही होती. एका पावसाळ्यात गावातल्या सगुणामायचा एकुलता एक लेक शमुवेल पल्याड निघाला. माय म्हणाली, "पानी लय चढलंय, आज नको नेऊ." लुकस हसला, "माझ्या वल्ह्यापुढं पुराची काय टाप!" भोवऱ्यात नाव उलटली. लुकस पोहून निघाला, शमुवेल बुडाला.

तेव्हापासून लुकस राबतच राहिला. ऊन म्हणू नका, ताप म्हणू नका, येईल त्याला फुकट उतरवायचा. त्याच्या तळव्यांच्या रक्तानं वल्हं काळं पडलं, असं म्हणतात. दर रविवारी सारं गाव तो चर्चला पोचवी आणि स्वतः नावेतच बसून राही. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या नावानं भाकर घ्यायला, आत बोलावलं तर म्हणे, "अजून मी लायक न्हाई." वेडा कुठला! केस पिकले तरी तेच.

सगुणामाय त्याच्या नावेत कधी बसली नाही. ती वरच्या अंगाला, पाणी उथळ असतं त्या उतारावरून चालत नदी ओलांडायची. पण एका रविवारी उतार पुरात बुडाला. म्हातारी थेट नावेत येऊन बसली. लुकसनं वल्हं घट्ट धरलं आणि नाव सोडली.

ऐन धारेत ती म्हणाली, "लुकसा, मी तुला कवाच माफ केलं. देवानं तर त्याच्याही आधी. तू घेत का न्हाईस?"

"माय, अजून लय लोक उतरवायचे हायेत."

"किती उतरवलेस म्हंजे माझा शमुवेल परत येल?"

लुकस जोरजोरानं वल्हं मारू लागला.

"न्हाई येनार. मंग माफी काय मजुरी हाय का, राबून मिळवायला? येशूनं ती देऊन टाकलीय. हात मोकळे कर अन् घे."

त्याच्या मुठी सुटल्या. वल्हं पाण्यात पडलं आणि पुरानं नेलं. मग जे झालं ते काठावरच्या सगळ्यांनी पाहिलं, असं म्हणतात. नावेभोवतीचं पाणी निवळलं, आणि पाळण्याची दोरी कुणी हलकेच ओढावी तशी नाव धार कापत सरळ चर्चच्या पायरीला लागली. लुकस ओलाच आत गेला. चर्चच्या पाळकांपुढे त्यानं दोन्ही रिकामे तळवे पसरले, भाकर घेतली, आणि लहान लेकरासारखा रडला. सगुणामाय त्याच्या शेजारी गुडघे टेकून होती.

आता पूल आहे. तरी वर्षातून एका रविवारी बोरसरी नावेनंच चर्चला जाते. ऐन धारेत सगळे वल्ही आत घेतात आणि तळवे उघडे ठेवून बसतात. नाव वाहवते, कधी पार खाली चिखलात लागते. कुणी कुरकुरत नाही. गावात नवा आलेला माणूस मात्र घाबरून वल्ह्याला हात घालतो. तेव्हा शेजारचा त्याचा हात धरून म्हणतो, "ऱ्हाऊ दे बाबा. लुकसालाबी देवानं बिनवल्ह्याचंच नेलं."