पहिला मान चोराचा

“...मग आता हातानं तपासायचं राहिलंच काय, मॅडम?”

अभिनंदन चौगुलेनं विचारलं आणि उत्तर खिशात असल्यासारखा तो हसला.

शिरोलीच्या त्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांचे एक्सल, म्हणजे चाकं जोडणारे पोलादी आस, बनत. पोलाद न कापता, न फोडता त्याच्या पोटातली चीर ध्वनिलहरींनी हुडकायची, ही विद्या त्याला इंगवले मॅडमनीच शिकवलेली. आता पठ्ठ्यानं सगळी मशिनं एकमेकांशी जोडली होती. एक्सल तपासणीतून सरकला की निकाल, चांगला तर हिरवा, चीर असली तर लाल, थेट कॉम्प्युटरवर, तिथून भट्टीला, आणि मुंबईच्या साहेबांच्या मोबाइलवरसुद्धा. मॅडम निवृत्त झाल्या तरी तपासणीत शेवटचा शब्द त्यांचाच. त्या ‘हो’ म्हणाल्या की हाताची तपासणी कायमची बंद. दारात भरलेला ट्रक त्या एका ‘हो’साठी उभा होता.

“बघा तरी. आठवडाभर सगळं हिरवंगार. एकही लाल नाही!”

“एकही नाही?”

“एकसुद्धा नाही.”

“वा रे वा...” मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. “आपला चोर कुठं दिसत नाही तो?”

अभिनंदनचं हसू जरा आखडलं.

चोर म्हणजे एक्सलचाच एक तुकडा, पोटात मुद्दाम भोक पाडलेला. रोज सकाळी मशीनखाली पहिला मान त्याचा. मशीननं त्याला पकडलं तरच दिवसाचं काम सुरू, हा मॅडमचा शिरस्ता होता.

“त्याला काढला लाइनवरून. रोज पहिलाच निकाल लाल यायचा. लगेच साहेबांचा फोन, लाल कसा, लाल कसा... डोकं उठायचं हो! आणि तो खोटा आहे हे आपल्याला माहीतच आहे की.”

“आपल्याला आहे. मशीनला?”

अभिनंदन स्क्रीनकडं बघायला लागला.

“कुठाय तो?”

“माझ्या केबिनच्या दाराला. वाऱ्यानं दार आपटतं, म्हणून लावलाय.”

मॅडमनी नुसतं लाइनकडं बोट दाखवलं.

अभिनंदन गेला, दोन्ही हातांनी चोर उचलून आणला आणि लाइनवर ठेवला. घ्या, करा खात्री, असं मनात म्हणत.

चोर सरकत मशीनखालून गेला.

हिरवा.

“असं कसं...”

पुन्हा घातला. पुन्हा हिरवा.

अभिनंदननं मशीनच्या तोंडाशी हात घातला. कोरडं ठणठणीत! पाण्याची नळी गाळानं तुंबली होती. ध्वनी पोलादात शिरतो तो मधल्या पाण्यातून. पाणीच नाही, तर आत जाणार काय आणि परत येणार काय? मशीनला काही ऐकूच येत नव्हतं. आणि काही ऐकू आलं नाही म्हणजे दोष नाही, हे त्याला शिकवलं होतं खुद्द अभिनंदननं.

बाहेर वाट बघून कंटाळलेल्या ड्रायव्हरनं ट्रक सुरू केला.

“ए, थांब! थांबवा तो ट्रक!”

अभिनंदन ओरडत धावला. एक्सलवर डबा, डब्यात माणसं... पुढचं त्याला मनातही आणवेना.

परत आला तो मान खाली घालून.

“चुकलो, मॅडम. हे सगळं उपटून टाकतो. पुन्हा आपलं हातानं...”

“कशाला? चांगलं केलंयस की! अजून जोड. भट्टीपासून रुळापर्यंत जोड. माझ्या हाताला तरी सगळं कुठं कळत होतं?... आधी नळी साफ कर.”

त्यानं नळी साफ केली. पाणी खळखळलं. चोर पुन्हा सरकला आणि भोंगा असा वाजला की शेडमधली सगळी माणसं वळून बघायला लागली. लाल दिवा लखलखत होता. लाल रंग इतका गोड त्याला कधी वाटला नव्हता.

खिशातला मोबाइल वाजला.

“हो साहेब, लाल आहे. आता रोज सकाळी पहिला लालच येणार... नाही आला, तर फोन करा.”

मोबाइल खिशात टाकून तो वळला. छाती पुन्हा फुगली होती.

“ट्रक रिकामा करून सगळे एक्सल पुन्हा तपासतो. मग तरी हो म्हणाल ना, मॅडम?”

मॅडमनी पदरानं चोरावरचं पाणी पुसलं आणि तो त्याच्या हातात दिला.

“मला काय विचारतोस? उद्या सकाळी याला विचार.”